लाटेचा वळसा

आठव्या सेन्सरवर जमिनीतून येणारी लाट सहा मिलिसेकंद उशिरा पोचली. जमीन तपासायला आलेल्या जयमालाने मजुराला जमिनीत रोवलेल्या ओंडक्यावर घणाचा आडवा ठोका पुन्हा घालायला लावला. उशीर तेवढाच. चाकणच्या या प्लॉटवर शेखरच्या प्रेसशॉपचा, पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा, पाया पडणार होता.

“खाली पोकळी आहे,” ती म्हणाली. “या लाटा पोकळीतून जात नाहीत, वळसा घालतात.”

शेखर हसला. “पोकळी तुमच्या मशीनमध्येच असंल, मॅडम!”

त्याची आई कौशल्याबाई हसल्या नाहीत. तिथं विहीर होती. धाकटी जाऊ रुक्मिणी तिच्यात पडली, ती वर आलीच नाही. विहीर बुजवणं पाप, म्हणून सासऱ्यांनी तोंडावर फरश्या टाकून माती ओढली आणि रुक्मिणी घर सोडून गेली असं गावाला सांगितलं. त्याला तीस वर्षं झाली. आता घणाच्या प्रत्येक ठोक्यानंतर खालून कुणी उत्तर देतंय, असं कौशल्याबाईंच्या तळपायांना वाटत होतं.

“बरं, असू द्या पोकळी,” शेखर म्हणाला. “उद्या काँक्रीट ओतून टाकतो, विषय संपला.”

“ओतू नगं.” कौशल्याबाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “पोलिसांना बोलीव. फरश्या काढा. तुझी चुलती खाली हाय.”