लाहोरनंतरचा कोहिनूर

प्रेरणाने गोवळकोंडा, दिल्ली, इराण, काबूल अशी खडूची रेघ ओढत फळ्यावर लाहोरपर्यंत आणली आणि तिथे एक गोल काढला. खुर्सीपारच्या हिंदी माध्यमाच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांना तिने सांगितलं, इथपर्यंत कोहिनूर ज्याच्या मनगटात जोर, त्याचा होता. लाहोरला मात्र कागद आला. दहा वर्षांच्या महाराजापुढे तह ठेवला गेला. त्याची आई तेव्हा कैदेत होती. हिरा इंग्लंडच्या राणीला द्यायचा, असं तहात लिहिलं होतं आणि पोराने सही केली. लंडनचा भाग उद्या, असं म्हणून तिने फळा पुसला.

सही काय चीज असते, हे प्रेरणाला कोणी वेगळं शिकवायला नको होतं. तिचे बाबा धोंडबा स्टील प्लांटच्या नोकरीत असतानाच आजाराने गेले, तेव्हा घरातल्या एकाला प्लांटमध्ये अनुकंपेवर जागा मिळणार होती. एकालाच. ती एम.ए., बी.एड.; धाकटा अतुल कॉलेज अर्ध्यावर सोडून बसलेला. जागा तिला हवी होती. पण ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. जलदानविधीच्या दुसऱ्याच दिवशी नरहरीकाकांनी निकाल दिला, की पोरगी लग्न करून जाईल, मग प्लांटचं क्वार्टरही हातचं जाईल. महिनाभरात स्टॅम्पपेपर आला. मी राजीखुशीने हक्क सोडते, असं त्यावर होतं. वकिलाने रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणाचा दबाव तर नाही ना? तिने नकारार्थी मान हलवली. ज्या लग्नाच्या नावावर जागा गेली, त्या लग्नाचा सव्वा वर्षात पत्ता नव्हता. नवरदेव बहुधा मालगाडीने निघाला असावा आणि चरोद्याच्या रेल्वे यार्डात अडकला असावा.

दुपारी ती घरी आली तर बाहेरच्या खोलीत माणसं मावत नव्हती. अतुलचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. आईने, चंपाबाईंनी, ते बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे ठेवलं होतं. तिथून उचलून त्यांनी ते लेकीच्या हातात दिलं.

"तुह्याच हातानं दे त्याले," आई म्हणाली. "नोकरी त तूच देल्ली."

प्रेरणा उजेडासाठी खिडकीशी गेली. विभाग, पद, रुजू व्हायची तारीख सगळं वाचलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. नरहरीकाका मोबाइल धरून शूटिंग करत होते. आता तरी राग येईल, निदान रडू फुटेल, असं तिला वाटलं. काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

"ताई, तू नाराज त नाहीस ना?" अतुलने हळूच विचारलं.

"कावून होऊ? घे."

तिने पत्र त्याच्या हातात ठेवलं. टाळ्या वाजल्या. आईने पेढा भरवला, तो तिने गिळला.

दुसऱ्या दिवशी वर्गात लंडन आलं. तहाला पाच वर्षं झाल्यावर राणीच्या वाड्यात त्या महाराजाला तोच हिरा बघायला दिला गेला, तिने सांगितलं. तो हिरा घेऊन खिडकीशी गेला आणि म्हणे पाव तास बघत राहिला. मग आपणहून येऊन त्याने तो राणीच्या हातात ठेवला, आणि स्वतःच्या हाताने देता आला याचा आनंद वाटतो, असंही म्हणाला.

पहिल्या बाकावरच्या टीनाने हात वर केला.

"मॅडम, तब तो हीरा उसी के हाथ में था ना. फिर वापस क्यों दिया?"

एम.ए.ला या प्रश्नाचं प्रेरणाने दीड पानी उत्तर लिहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"सब खड़े थे वहाँ," ती म्हणाली. "और सब बहुत खुश थे."

मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.