दुमडलो, पण मोडलो नाही

तीन पाय, तीन चाकं, वैमानिकापुढे तीन हिरवे दिवे आणि प्रत्येक पायाला एक पोलादी आकडा. मित्रांनो, चार आसनांच्या छोट्या विमानाचा डावा पाय मी. वय एकोणीस वर्षं. विमान उडालं की मी दुमडून पंखाच्या पोटात शिरतो. उतरताना खाली येतो, आकडा माझ्या खिळीवर घट्ट बसतो आणि मगच माझा दिवा लागतो. आकडा बसला नाही, तर मी उभा दिसतो, पण मला भार पेलवत नाही.

माझी पहिली वर्षं विमानविद्यालयात गेली. शिकाऊ हातांनी मला हजारो वेळा आपटलं. मी तक्रार केली नाही. आज मात्र करणार आहे.

सहा वर्षांपूर्वी हरेशशेटनी हे विमान स्वतः उडवायला घेतलं आणि मी पनवेलजवळच्या एका खासगी धावपट्टीवर आलो. खाडीचा खारा वारा लोखंड खातो, पण मेकॅनिक काशिरामदादांनी माझ्यावर गंजाचा ठिपका कधी बसू दिला नाही.

दसऱ्याला आमच्याकडे चाक असलेली एकही वस्तू हाराविना राहत नाही. न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर सजतात, रिक्षा सजतात, मग मी का मागे राहू? दादांनी नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला झेंडूचा हार माझ्या गुडघ्याला बांधला.

"दादा, नारळ चाकावर फोडू नका हां!" शेट ओरडले.

"मंग काय तुमच्या डोक्यावर फोडू, शेट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटना उडायची घाई होती. दादांनी हार ओढला. फुलं हातात आली. वीतभर दोरा माझ्या सांध्यात अडकून राहिला. तो कुणी पाहिला नाही.

तासाभराने परतताना मी खाली आलो, पण आकडा अर्ध्यावरच थांबला. खिळीभोवती दोरा गुंडाळला गेला होता.

"दादा, दोनच दिवे लागलेत!" शेट रेडिओवर म्हणाले.

"वर घ्या, परत सोडा. घाबरू नका, मी हाय खाली."

तीनदा वर गेलो, तीनदा खाली आलो. दिवा लागला नाही. शेवटी इंधन कमी करून शेट उतरले. आकड्याशिवाय, नुसत्या तेलाच्या दाबावर मी चार सेकंद विमान पेललं. तेवढ्यात वेग उतरला. मग मी दुमडलो, डावा पंख घासत गेला आणि विमान गवतात थांबलं. शेटना खरचटलंसुद्धा नाही.

आणि उतरल्या उतरल्या ते काय म्हणाले? "ह्या पायानंच दगा दिला. कळंबोलीला भंगारात घाला त्याला!"

दगा? मी? मला बोलता आलं असतं, तर सगळी धावपट्टी दणाणली असती.

तपासणीला आलेल्या इंजिनिअर प्रांजलताईंनी हात वर केला. "सर, मोजल्याशिवाय मी कुणालाच भंगारात घालत नाही." त्यांनी चिमट्याने आकड्यातून दोरा ओढून काढला. त्याला झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

दादा गप्प राहिले असते, तर हार कुणी ओढला हे कुणी विचारलंही नसतं. पण ते पुढे आले.

"हार मीच बांधला व्हता, मीच वडला. चूक माझी हाय. त्याला नका घालवू, शेट."

शेट वाकून माझ्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "घाई माझी होती, दादा. पण पाय वाकला असेल तर?"

"अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त वाकला असेल, तर काढावाच लागेल," प्रांजलताई म्हणाल्या.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण हार काढताना दोऱ्याची दोन्ही टोकं हातात आली का, ते बघा. आणि वस्तूवर खापर फोडण्याआधी तिला एकदा मोजा. दया नको, माप हवं.

मला विमानातून काढून दोन ठोकळ्यांवर आडवं ठेवलं. प्रांजलताईंनी मापकाची सुई माझ्या अंगाला लावली. दादांनी मला सावकाश, पूर्ण गोल फिरवलं. ताईंनी माप मोठ्याने वाचलं आणि वहीत लिहिलं.

वाक : शून्य पूर्णांक एक आठ मिलिमीटर.