खडूत न उमटलेली टाच

आमच्या शिवणाच्या दुकानात चप्पल घालायची नाही, हा नियम माझा. कापड टेबलावरून खाली लोळतं. त्याला रस्त्याची धूळ लागली तर गिऱ्हाईक नावं मला ठेवणार, चपलेला नाही. तीस वर्षं मी थंड फरशीवर अनवाणी उभी राहून कापड बेतलं. मुलगा आणि सून मशीनवर, कात्री माझ्या हातात. ती दुसऱ्याच्या हातात दिसली असती, तर मला घास गेला नसता.

म्हणून टाच दुखायला लागली तेव्हा तोंडाला कुलूप लावलं. सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. भिंत धरून वीसेक पावलं चालले की कमी. मग काय, सगळ्यांच्या आधी उठून ती वीस पावलं एकटीनेच उरकायची.

एका सकाळी दुकान झाडता झाडता सून थांबली. टेबलापाशी कापडावर आखायच्या खडूची आदल्या दिवशीची भुकटी होती.

"आई, इकडे बघा."

"केर काय बघायचा? काढ."

"डावा पाय अख्खा उमटलाय. उजव्याचा नुसता चवडा. टाच कुठे गेली?"

"माहेरी गेली. झाडू चालव."

ती हसली, पण झाडू खाली ठेवला. "दोन महिने रोज हेच झाडतेय मी. आज दवाखान्यात जायचं."

डॉक्टरीणबाईंनी टाचेत अंगठा रुतवला, मी कळवळले.

"हाड वाढलंय ना? कापणार असाल तर मापाने कापा."

"काही कापायचं नाही, आजी." तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जाड पट्टा असतो, म्हणाल्या. उभं राहून तो दुखावतो, रात्री आखडतो, सकाळी पाऊल टाकलं की ओढला जातो. कळलं मला. तंग शिवण, बसलं की उसवते.

"उठण्याआधी चवड्याला टॉवेल अडकवून पाय ओढा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. गार बाटली तळव्याखाली घोळवा. उभं राहणं निम्मं करा, आणि अनवाणी तर मुळीच नाही."

"किती दिवस?"

"महिने म्हणा."

दुकानात आल्यावर सुनेने मशीनखालून कागदाचं पुडकं काढलं. जाड, मऊ तळाच्या नव्या चपला. "फक्त दुकानात घालायच्या. या चपलांनी रस्ता बघितलेला नाही."

"कधी आणल्यास?"

"दोन महिने झाले. तुमच्यापुढे काढायची हिंमत होत नव्हती."

मी चपला उलटसुलट करून बघितल्या. म्हटलं, "रंग अगदीच भिकार आहे," आणि पाय घातले. मग कात्री तिच्यापुढे सरकवली. "सकाळचं तू काप. बाह्यांना हात लावू नकोस."

चार महिने झाले. पहिलं पाऊल आता नुसतं कुरकुरतं. काल झाडताना ती म्हणाली, "आई, चपलेची टाचसुद्धा उमटली."

सकाळची कात्री मात्र तिने परत दिली नाही. मीही मागितली नाही. बाह्या बऱ्या कापते.