पोटातलं लुगडं

धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालची गावं उठून गेली. टेकाडावरची वाडी तेवढी राहिली आणि तिचं बेट झालं. होडीनं पलीकडे उतरल्याशिवाय खालापूरची गाडी मिळत नाही. विकतच्या दुलया इथवर उशिरा आल्या, तोवर सुंदरानं घरोघरच्या गोधड्या शिवल्या.

आता नजर अधू झाल्यानं तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. शिकायला एकटी ऋतिका यायची. दहा वर्षांची पोर, पण टाका असा घालायची की भाताचे दाणे ओळीनं मांडावेत. सुंदराची सगळी भिस्त तिच्यावर. तिनं पोरीला पहिला धडा दिला, गोधडीच्या वर टिकाऊ कापड आणि पोटात मऊ. घरातलं सगळ्यात मऊ लुगडं घेऊन ये.

पोरीनं आणलं. एका कडेनं ओळी घालत निम्मी गोधडी झाली, तेव्हा उघड्या कडेला सुंदराचा हात लागला. काठ तिनं बोटांनीच ओळखला. तो सोमीचा होता, ऋतिकाच्या आजीचा. सोमी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ऋतिकाचा बाप राजेश आईच्या त्या लुगड्याला कुणाला हात लावू देत नसे.

"बापाला विचारलंस गं?"

"नाय. तूच म्हणालीस ना आजी, सगळ्यात मऊ."

खरंच होतं. मऊ आण म्हटलं, विचारून आण म्हणायचं राहिलं. आता राजेश पोरीला ओटीवर पाठवायचा नाही, म्हणजे शिवणीचा हा हात इथंच संपला. तरी सुंदरानं लपवलं नाही. रविवार होता, राजेश कामाला जायचा त्या रसायनीच्या कारखान्याला सुट्टी. तिनं राजेशला बोलावून घेतलं आणि चूक माझी, असं आधीच सांगून टाकलं.

त्यानं गोधडीची कड उचलून काठ पाहिला. मग म्हणाला, "उसव काकी."

सुंदराला टाके दिसत नव्हते, म्हणून ब्लेड ऋतिकानं धरलं. ओठ घट्ट मिटून तिनं एक ओळ सोडवली. राजेशनं लुगडं हलकेच ओढलं, तर ते घडीच्या रेघेवर दुभंगलं. त्यानं हात मागे घेतला.

"ट्रंकेत एकाच घडीवर ठेवलंस ना रं," सुंदरा म्हणाली. "अधनंमधनं घडी बदलाय लागते. कापड तिथंच विरतं."

"मला काय ठाव," तो पुटपुटला. मग खाली बसला. "शिवलं तर टिकंल?"

"वरचं-खालचं धरून ठेवील त्याला."

"मग काठ तेवढा दिसू दे."

सुंदराला हे पटेना. गोधडीचं तोंड उघडं ठेवलं तर झोप सांडते, असं वाडीत म्हणतात; आजवर तिनं एक कड मोकळी सोडली नव्हती.

"तुझ्या आयशीनं जलमभर माझ्या शिवणीला नावं ठेवली," ती म्हणाली, "आता तू ठेव."

राजेश हटला नाही. शेवटी सुंदरानं वरचं कापड वीतभर आत दुमडलं, काठ मोकळा केला आणि दुमडीवर टाके कसे दाट घालायचे ते ऋतिकाच्या बोटांना धरून दाखवलं.

राजेशनं सुई मागून घेतली, दोरा ओवला आणि ती लेकीच्या हातात दिली.

"आधी उसवलेली ओळ भर गं," तो म्हणाला.