भुशाचं फडकं

करवतीवरून फळी उलटी उसळली आणि माझ्या धाकट्याच्या छातीवर बसली. आमच्या कारखान्याची रीत अशी, की मार लागला तरी हातातलं लाकूड चिरून संपवायचं. या गाढवानं तीही पाळली. मग भिंतीला टेकून बसला, तो उठेना.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. "बरगड्या शाबूत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मग पोराकडे पाहिलं. कपाळावर गार घाम, ओठ राखेसारखे.

"आई, दम पुरत नाही."

"मग बोलू नकोस. जन्मभर बडबडलास तेवढं पुरे."

सोबत आलेल्या त्याच्या बायकोनं माझा हात धरला. तिचा गार की माझा, कळेना.

भुसा आत जाऊ नये म्हणून आम्ही सगळे गळ्याला फडकं बांधतो. त्याचं अजून तसंच होतं, मळकट, हनुवटीपर्यंत. चारचौघांत शोभा नको म्हणून मी ते ओढून काढलं. "डॉक्टरांपुढे तरी माणसासारखा बस!"

बाईंचा लिहिता हात थांबला. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या टरारल्या होत्या. त्यांनी कानातली नळी छातीला लावली, पुन्हा लावली. "ठोके लांबून येताहेत. रक्तदाब?"

"उतरतोय," नर्स म्हणाली.

"सोनोग्राफीचं मशीन आणा. पळा!"

मशीनवर करडं काहीतरी फडफडत होतं. "हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलंय. हृदयाला फुलायला जागाच नाही, म्हणून मानेच्या शिरा अशा फुगल्यात. सुईनं काढायला हवं, आत्ता."

"काळजात सुई?"

"काळजाबाहेर, आजी."

"मधे अंतर केवढं?"

त्यांनी पडदा ओढला.

पडद्याखालून नुसते पाय दिसत होते. एकाएकी सगळे पाय थांबले. सून हुंदके द्यायला लागली.

"गप्प! अजून काही झालं नाही," मी ओरडले. आवाज माझा वाटेना.

मग आतून आलं, "आई... माझं फडकं?"

"चुलीत घातलं!" ते माझ्या मुठीत होतं.

रक्त निघालं तसा दाब चढला. लगेच ऑपरेशनला नेऊन हृदयाची फाटलेली जागा शिवली. पोरगं वाचलं.

आता कारखान्यात फडकं मी कुणाला बांधू देत नाही. तोंडाला मास्क लावायचा. तरी करवतीचा आवाज मधेच तुटला, की हातातलं टाकून धावते, आधी त्याची मान बघते.

"आई, वीज गेलीय," तो म्हणतो.

मी तरी बघते.