पूर्वेचं पाणी उत्तरेला

संस्थेत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे विहीरबाई. जमिनीखालचं पाणी कुठून निघतं, कुठे मुरतं आणि जाताना काय काय घेऊन जातं, हे शोधण्यात तिची अर्धी उमर गेली होती. त्यामुळे त्या नावाचा तिला राग नव्हता. राग येण्यासारख्या इतर गोष्टी भरपूर होत्या.

त्या सोमवारी तिने आल्या आल्या संगणकावर पाण्याची वाट शोधणारा आपला प्रोग्रॅम सुरू केला, तर पडद्यावर एकच ओळ उमटली: हवी ती लायब्ररी सापडली नाही. पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच.

ती तडक खालच्या मजल्यावर गेली. तिथे मोठ्या मशीनची खोली होती आणि त्या खोलीचा कारभारी. कुठलीही परवानगी मागा, हा नाही म्हणणार, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कुलूप.

"अपग्रेड झालंय मॅडम," कुलूप स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. "सगळ्यांना मेल गेला होता."

"मला नाही आला."

"मग स्पॅममध्ये असेल."

"आणि माझा प्रोग्रॅम? त्याची सगळी किचकट गणितं त्या लायब्ररीत होतात. ती नसेल तर तो काय नुसता शोभेला ठेवायचा?"

"जुनी आवृत्ती काढून टाकली. आता नवीच वापरायची."

"माझा प्रोग्रॅम जुनीवर बांधलाय! मला जुनी परत द्या, नाहीतर नवीवर तो पुन्हा बांधायला वेळ द्या."

"बघतो," कुलूप म्हणाला. त्याच्या 'बघतो'चा अर्थ सगळ्या संस्थेला पाठ होता.

पण या वेळी त्याने खरंच बघितलं. दुपारी त्याचा फोन आला, "चालू झालाय बघा." आणि प्रोग्रॅम खरंच चालू झाला. काय केलं, असं तिने विचारलं. "केलं काहीतरी," एवढंच तो म्हणाला.

काम घाईचं होतं. शहराबाहेरच्या रंगाच्या कारखान्याची जमिनीखालची टाकी फुटली होती आणि आतलं विषारी द्रावण मातीत उतरलं होतं. कारखान्याच्या पूर्वेला एक वस्ती होती. तिथले लोक कूपनलिकांचं पाणी पीत. द्रावण तिकडे जाणार की नाही, एवढंच सांगायचं होतं. अपग्रेडच्या आधी अपुऱ्या आकड्यांवर तिने एकदा गणित चालवलं होतं, तेव्हा द्रावण सरळ पूर्वेला सरकत होतं. आता सगळे आकडे हाती आले होते. ते घातल्यावर नकाशावरचा लाल डाग हळूहळू वळला आणि उत्तरेच्या ओसाड माळाकडे निघाला.

संचालकांनी नकाशा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! म्हणजे वस्ती सुटली."

"सर, मला हे पटत नाही. थोड्या जास्त आकड्यांनी डाग जरासा सरकेल, असा काटकोनात नाही वळणार. मला तपासायला वेळ द्या."

"तुम्हाला चांगला निकालसुद्धा सहन होत नाही का हो?" संचालक हसत म्हणाले. "तपासा, तपासा. कोण नाही म्हणतंय?"

ती तपासत राहिली. स्वतःचे आकडे पुन्हा पुन्हा चाळले, नमुन्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या जुळवून पाहिल्या, मातीचे थर पुन्हा मांडले. चूक तिच्याकडेच असणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. यात आठवडे गेले.

तिचा नवरा बेकरीत भट्टी सांभाळायचा. त्याची पाळी पहाटेची, त्यामुळे दुपारी तो घरीच असे. एके दिवशी ती जेवायला घरी आली तेव्हा तो सोफ्यावर पडून फोनवर बातम्या वाचत होता.

"अगं, तुझं नाव आलंय," तो उठून बसत म्हणाला. "वस्तीचं पाणी सुरक्षित असल्याचं संस्थेचं म्हणणं. प्रमुख शास्त्रज्ञ म्हणून तू."

तिने फोन हिसकावूनच घेतला. तिच्या नकाशावरचा अहवाल नगरपालिकेला कधीचाच गेला होता. खाली तिचं नाव होतं. लोकांनी निर्धास्तपणे पाणी प्यावं, असंही एक वाक्य होतं. ते तिने कधीच लिहिलं नव्हतं.

"मी अजून तपासतेय! आणि या संचालकाने माझ्या नावावर खपवलं?"

"आधी दोन घास खा, मग भांड."

"तूच खा!" ती म्हणाली, आणि चपला घालून निघालीसुद्धा. जिन्यात तिला जाणवलं, की ज्याचा काही दोष नाही अशा माणसावर आपण ओरडलो. पण मागे फिरण्याइतकं भान तिला नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

टेबलाशी बसल्यावर मात्र तिचे हात थंडपणे चालू लागले. स्वतःच्या आकड्यांवर संशय घेणं तिने थांबवलं आणि प्रोग्रॅमलाच जाब विचारायचं ठरवलं. एक चौकोनी, खोटा जमिनीचा तुकडा बनवला. उतार ईशान्येला, पण माती अशी की पाणी पूर्वेकडे सहज झिरपावं आणि उत्तरेकडे अडावं. याचं उत्तर कागदावर हाताने काढता येतं. पाणी पूर्वेला झुकायलाच हवं.

प्रोग्रॅमने ते उत्तरेला नेलं.

मग तिने प्रोग्रॅम चालताना कुठली लायब्ररी उचलतो ते पाहिलं. नाव जुन्या आवृत्तीचं होतं. पण त्या नावाआड फाइल नव्हतीच, नुसता बाण होता, आणि तो नव्या आवृत्तीकडे जात होता. जुन्या डब्यावरची चिठ्ठी नव्या डब्याला चिकटवलेली. जुनी लायब्ररी मातीचे दोन आकडे घ्यायची, आधी पूर्व-पश्चिमेचा, मग उत्तर-दक्षिणेचा. नव्या आवृत्तीत हा क्रम उलटा केला होता. प्रोग्रॅम बिचारा जुन्या सवयीने आकडे देत होता, लायब्ररी ते नव्या सवयीने घेत होती, आणि कुठेही एका शब्दाची तक्रार उमटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत बैठक होती. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आला होता. तिने कुलपालाही ओढून आणलं होतं. नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता तिने लॅपटॉप टेबलाच्या मध्ये ठेवला, कागदावरचं उत्तर दाखवलं आणि मग प्रोग्रॅमचं.

"म्हणजे वस्तीच्या नकाशातही दिशा फिरली आहे?" अभियंत्याने विचारलं.

"फिरली आहे. द्रावण वस्तीकडेच चाललंय. एव्हाना पहिल्या कूपनलिकांपर्यंत पोचलं असेल."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "संगणक विभागाकडून तांत्रिक गफलत झालेली दिसते. मॅडमना कळवायला हवं होतं त्यांनी."

ती गर्रकन कुलपाकडे वळली. "बोला! ही चिठ्ठी चिकटवताना मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

कुलूप मान खाली घालून बसला होता. मग त्याने मान वर केली, आणि तो तिच्याकडे नाही, संचालकांकडे पाहत बोलला.

"मी सरांना त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, हे तात्पुरतं आहे, निकालाची खात्री देता येणार नाही. सर म्हणाले, चालतंय ना, मग बाईंच्या डोक्यात किडा सोडू नका."

ती संचालकांकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो जास्त लागला. "मी रोज तुमच्या दारावरून माझी चूक शोधत जात होते. तुम्ही बघत होतात. आणि लोक ते पाणी पीत होते."

"हे पाहा, भावनेच्या भरात..."

"भावना गेली खड्ड्यात! फोन उचला आणि कूपनलिका बंद करायला सांगा."

फोन अभियंत्याने उचलला.

तिने आणि कुलपाने मिळून प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधला. दोघं शेजारी बसत, कामापुरतंच बोलत. एकदा त्याने "माझंही चुकलंच मॅडम" असं म्हटलं. "हो, चुकलंच," ती म्हणाली आणि पुढची ओळ दाखवली. नव्या नकाशात डाग पूर्वेला होता. कूपनलिकांच्या पाण्याच्या नमुन्यांनीही तेच सांगितलं. संचालकांनी जे निवेदन काढलं त्यात 'संस्थेच्या दक्षतेमुळे' असे शब्द होते. तिने ते वाचलं आणि नगरपालिकेला सगळी हकिकत स्वतःच्या सहीने लिहून पाठवली. संचालकांच्या मागे चौकशी लागली. तिलाही त्या कामावरून बाजूला केलं, कारण ती म्हणे सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही.

नमुने घ्यायला तरीही तीच गेली, रजा टाकून. वस्तीत टँकरपुढे बादल्यांची रांग होती. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने तिला बातमीतल्या फोटोवरून ओळखलं.

"तुम्हीच ना त्या? पाणी प्या म्हणून सांगितलंत, आता पिऊ नका म्हणता. इतके दिवस काय झोपला होतात? पोराला मी तेच पाणी पाजलं!"

रांगेतल्या बायका जवळ सरकल्या. मी नव्हते लिहिलं ते, हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या बाईला लायब्ररीचं काय, संचालकाचं काय? तिने ते गिळलं.

"मुलाला आजच दवाखान्यात दाखवू या," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

"नको तुमची सोबत," बाई म्हणाली, आणि वळून पुन्हा रांगेत उभी राहिली.

ती कूपनलिकेच्या नळाजवळ खाली बसली आणि नमुन्याची बाटली भरू लागली. राग अजून तसाच होता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.