उतारावरचं कोकरू

"मागं राहिलीस तर चहा मी एकटाच पिणार हं!" खिंडीच्या माथ्यावर पाय टेकवत क्लिफर्ड ओरडला.

हेटीला उत्तर द्यायला श्वासच नव्हता. शेवटचं वळण ती उभ्याने पॅडल मारत चढली आणि त्याच्याशेजारी येऊन हँडलवर ओणवी झाली.

"थेरड्या... लाज नाही वाटत... बाईला असं पळवायला?"

"बाईला कुठं? ज्या बाईनं पहिल्याच दिवशी सायकल चर्चच्या कुंपणात घातली, तिला पळवतोय मी."

हेटी हसली. ते कुंपण गावातलं कुणीच विसरलं नव्हतं. नवरा सोडून गेला त्या वर्षी तिने सायकल हातात घेतली होती, पन्नाशी समोर दिसत असताना. शेजारचा क्लिफर्ड तेव्हा दरीतली बस चालवायचा. संध्याकाळी तो तिच्यामागून खोगीर धरून पळायचा आणि त्याची बायको जीन खिडकीतून ओरडायची, "अरे सोड तिला, तुझा दम संपेल आधी!" हेटी गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. आठवडाभर बटाटे, वाटाणे, मुलांचा गोंगाट. रविवारी मात्र जीन प्रार्थनेला गेली, की हे दोघे निघायचे. रस्ता क्लिफर्डच ठरवायचा. जाताना स्वेल नदीच्या काठाने, दगडी गडग्यांच्या मधून, वर कुरणं संपली की उघड्या माळावर, आणि पलीकडच्या दरीत उतरून चहा. "जाताना नदी सोबतीला, येताना वारा पाठीला," असं तो म्हणायचा. वारा पाठीला क्वचितच असायचा.

मे महिना होता. माळावरची हेदरची खुरटी झुडपं अजून काळपट, सुकल्यासारखी दिसत होती. उतारावर दोन्ही बाजूंना मेंढ्या पसरल्या होत्या, कुंपण नसलेल्या माळावर असतात तशा. त्या मेंढपाळ आयझॅक कॅल्व्हर्टच्या. मागच्या महिन्यात त्याने मोटार आडवी घालून दोघांना थांबवलं होतं. "या माळावर मेंढ्या आधी, तुम्ही नंतर. माझं एक पोर जरी मारलंत तर चाकं मोडून नदीत फेकीन," असं तो म्हणाला होता. कोकरांना तो पोरंच म्हणायचा. क्लिफर्डने टोपी काढून नमस्कार केल्यासारखं केलं होतं आणि कॅल्व्हर्ट आणखीच भडकला होता.

"सावकाश जा रे," हेटी म्हणाली.

"मी बस चालवलीय या उतारावरून, बर्फात," क्लिफर्ड म्हणाला आणि निघाला.

ती थोडं अंतर ठेवून मागे होती. त्यामुळे तिला सगळं दिसलं. एक मेंढी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. क्लिफर्डने तिच्यासाठी वेग कमी केला, ती गेली तसा ब्रेक सोडला. आणि मेंढीमागून तिचं कोकरू धावत आलं.

क्लिफर्ड ओरडला नाही. सायकल उचलली गेल्यासारखी झाली, मग तो रस्त्याकडेच्या दगडांपाशी पडला. त्या आवाजाला हेटीकडे शब्द नव्हता. पुढेही कधी सापडला नाही.

ती कशी थांबली ते तिला आठवत नाही. ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर होती. तो उताणा, डोळे उघडे, चेहऱ्यावर साधा ओरखडाही नाही.

"पडलो वाटतं," तो म्हणाला.

"हो. उठू नकोस. लागलंय कुठं?"

"कुठंच नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "हेटी, कुठंच काही लागत नाहीये गं."

तिने त्याचा हात धरला. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण हाताकडे नाही. हात धरलाय हे त्याला कळलंच नव्हतं. तिने फोन काढला. फोनला रेंज नव्हती. या दरीत कधीच नसायची.

खालून इंजिनाचा आवाज आला. कॅल्व्हर्ट माळावर फिरायच्या आपल्या उघड्या चारचाकी मोटारसायकलीवरून, मागे कुत्रा बसवून चढत होता. त्याने आधी रस्त्यावरचं कोकरू पाहिलं. ते एका कुशीवर पडलं होतं, हलत नव्हतं, आणि मेंढी त्याला नाकाने ढोसत होती. आता हा शिव्या देणार, असं वाटून हेटी उठून उभी राहिली.

कॅल्व्हर्ट कोकरावरून नजर न काढता पुढे आला आणि क्लिफर्डला पाहून थांबला.

"त्याला हलवलंस?"

"नाही."

"हलवू नको. माझी गाडी घे, खाली घरी जा. ओट्यावर फोन आहे. दार उघडंच आहे. पळ!"

हेटीने आयुष्यात तसली गाडी चालवली नव्हती. ती चालवली. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या बाईचा आवाज फोनवर शांतपणे एकेक विचारत होता आणि हेटी उत्तरं देत होती. समोर सिंकमध्ये एकच कप, एकच ताटली. 'हाही एकटाच आहे,' असं तिच्या मनात आलं, आणि अशा वेळी आपल्याला असलं काही सुचतं कसं, याची तिला भीती वाटली.

ती परत आली तेव्हा कॅल्व्हर्ट रस्त्यावर पालथा झोपला होता. स्वतःचा कोट त्याने क्लिफर्डवर टाकला होता आणि दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं घट्ट धरलं होतं. गालाला गाल लागेल इतक्या जवळून तो बोलत होता.

"...तर मग गड्या, तुझ्या बसमध्ये माझी आई बसायची. बाजाराच्या दिवशी. तू तिच्या पिशव्या दारापर्यंत आणून द्यायचास. आठवतं का?"

"कोंबड्या होत्या... पिशवीत," क्लिफर्ड म्हणाला. त्याचा आवाज आता पातळ झाला होता.

"कोंबड्याच. एक सुटली होती बसमध्ये."

क्लिफर्डचे ओठ हसल्यासारखे हलले. मग त्याने विचारलं, "कोकराला लागलं का?"

हेटीने मान वळवून मेलेल्या कोकराकडे पाहिलं. कॅल्व्हर्टने पाहिलं नाही.

"कसलं लागतंय," तो म्हणाला. "टुणकन उठून आईमागं पळालं. तिकडं दूध पितंय बघ."

"बरं झालं," क्लिफर्ड म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. हेलिकॉप्टर दरीवरून आलं तेव्हा सगळ्या मेंढ्या पळाल्या, ती एक सोडून. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ प्रयत्न केला. मग त्यांच्याबरोबरच्या एका मुलीने हेटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हेटी तिला म्हणाली, "आम्ही अजून चहा नाही घेतला." कितीदा तरी तेच म्हणाली.

सोमवारी ती कामावर गेली. बटाटे सोलले, उकडले, मुलांना वाढले. कुणी काही विचारलं की उत्तर देत होती. शेवटी मुख्याध्यापिका स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "हेटी, पायात काय घातलंय?" तिने खाली पाहिलं. तळाला लोखंडी पट्टी असलेले सायकलचे बूट होते. सकाळपासून फरशीवर टकटक वाजत होते आणि तिला ऐकूच आलं नव्हतं. त्या आवाजाने ती पहिल्यांदा रडली.

अंत्यविधीला कॅल्व्हर्ट आला. मागच्या बाकावर बसला आणि कुणी बोलायच्या आत निघून गेला.

त्यानंतर एका दुपारी जीनने हेटीला बोलावलं. टेबलावर चहा ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

"शेवटी काय म्हणाला तो? खरं सांग. माझ्यासाठी गोड करू नकोस."

हेटीने सांगितलं.

"कोकरू?" जीन म्हणाली. "एवढा संसार केला त्याच्याबरोबर. कोकरू?"

तिने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "माझं नाव नाही घेतलं. 'जीनला सांग' नाही. काही नाही!"

"जीन, त्याला कळलंच नव्हतं गं, की आपण..."

"गप बस!"

जीन सिंककडे तोंड करून उभी राहिली. मग न वळताच तिने विचारलं, "लागलं होतं का त्याला? कोकराला?"

"मेलं होतं."

"आणि कॅल्व्हर्ट म्हणाला, पळालं?"

"हो."

"तो कॅल्व्हर्ट?"

"तोच."

जीन खुर्चीत बसली. चहाचा कप तिने दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही. "सायकल चालवत जा तू," ती म्हणाली. "नाहीतर त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत मरशील. मला दोन-दोन मरणं नकोत."

हेटी ऑगस्टमध्ये गेली. नदीकाठाने, मग माळावर. हेदर फुलून सगळा डोंगर जांभळा झाला होता. ती खिंडीच्या माथ्यावर पोचली आणि तिथेच अडकली. समोर उतार. दोन्ही ब्रेक तिने इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली. पाय पॅडलवर जाईना. परत फिरावं तर तेही होईना.

खालून कॅल्व्हर्ट कुत्र्याबरोबर चालत वर आला. त्याला यायला वेळ लागला. तिच्यासमोर तो थांबला.

"उतरायचंय?"

"हो." मग ती म्हणाली, "जमत नाहीये."

"चालत जातेस?"

"नाही."

त्याने मान हलवली. तो वळला आणि त्याने शीळ घातली. कुत्रा वाकून उजवीकडे धावला, मग डावीकडे. रस्त्यावरच्या मेंढ्या उठून, कुरकुरत कडेला गेल्या. कॅल्व्हर्ट रस्त्याच्या मधून, पाठ तिच्याकडे करून, खाली चालत राहिला. हेटीने पाय पॅडलवर ठेवला आणि त्याच्यामागून ब्रेक दाबत, सावकाश उतरू लागली. त्या दगडांपाशी तो थांबला नाही, तीही थांबली नाही.

खाली पुलाजवळ तो बाजूला झाला. ती त्याच्याजवळून पुढे गेली, चढ लागेपर्यंत मागे पाहिलं नाही. मग पाहिलं. तो तसाच रस्त्यात उभा होता, एक हात आडवा धरून, आणि त्या हातामागे सगळा कळप ती दिसेनाशी होण्याची वाट पाहत थांबला होता.